एका बारीक तारेपायी अख्खी केबल भंगारात

इलेक्ट्रिक गाडीची चार्जिंग केबल बिघडली की एकच उत्तर ऐकू येतं: ‘दुरुस्त होत नाही, नवी घ्या.’ हे उत्तर मला आजवर पटलेलं नाही, आणि पुण्यातल्या मंडईच्या आसपास तर ते जास्तच सलतं. तापकीर गल्लीतला वायर, स्विच, प्लगांचा बाजार इथून चालत जाण्याच्या अंतरावर. कसब्यातल्या तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या तांबं ठोकून घडवलं गेलं. इस्त्रीची वायर तुटली म्हणून इस्त्री टाकायची असते, हे या पेठांना कधी माहीतच नव्हतं. मग हजारो रुपयांची केबल न उघडता, न तपासता भंगारात का जावी?

‘दुरुस्त होत नाही’ हे वाक्य बहुतेकदा आत न पाहताच बोललं जातं, म्हणून आत काय असतं ते आधी पाहू. आपल्याकडच्या बहुतेक मोटारींना घरच्या चार्जिंगसाठी टाइप-टू प्लग असतो. त्यात सात पिना. पाच वीज आणि अर्थिंगच्या, उरलेल्या दोन केवळ निरोपाच्या. त्यांतल्या एकीला कंट्रोल पायलट म्हणतात. तिच्यातून १२ व्होल्टचा, सेकंदाला हजार वेळा वरखाली होणारा संकेत जातो आणि चार्जर किती अँपिअर देऊ शकतो हे गाडीला कळतं. गाडीचा होकार आल्याशिवाय चार्जर मुख्य तारांत वीज सोडतच नाही. आता प्लगच्या मानेपाशी, जिथे केबल रोज वाकते, तिथे ही बारीक तार आतून तुटली तर काय होतं? मुख्य तारा ठणठणीत, आवरण शाबूत, प्लग नव्यासारखा. तरी गाडी चार्ज होत नाही आणि केबल ‘गेली’ असं ठरतं. दोन्ही टोकांना प्लग असलेल्या केबलीत हा दोष शोधणं अवघड नाही. केबल दोन्हीकडून सोडवायची, मल्टिमीटर बीपवर लावायचा, दोन्ही प्लगांच्या पायलट पिनांना टोकं टेकवायची आणि केबल मानेपाशी हलकेच वाकवायची. बीप तुटत-जुळत राहिला की दोष तिथेच. वीतभर केबल कापून, स्क्रूने उघडणारा नवा प्लग नीट बसवला की उरलेली केबल पुन्हा कामाला येते. ३२ अँपिअरची, एका फेजची, पाच मीटरची केबल धरली आणि तिच्यात ६ चौरस मिलिमीटरच्या तीन तारा असल्या, तर साधारण ८०० ग्रॅम तांबं होतं. रेशमाच्या धाग्यासारख्या एका तारेपायी आपण एवढं तांबं फेकतो. त्यातला अन्याय मला पैशांहून मोठा वाटतो.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो खोटा नाही. पायलटशेजारची दुसरी निरोपाची पिन केबलीची ताकद सांगते. प्लगमध्ये तिला एक छोटा रेझिस्टर जोडलेला असतो: २० अँपिअरच्या केबलीला ६८० ओहमचा, ३२ अँपिअरच्या केबलीला २२० ओहमचा. कुणी २० अँपिअरच्या केबलीवर ३२ अँपिअरचा प्लग चढवला, तर तिच्या बारीक तारा ३२ अँपिअर पेलतील असं समजून तेवढे अँपिअर सोडले जाऊ शकतील. तार तापेल, आवरण वितळेल. घरच्या तीन पिनी प्लगचंही तसंच. ढिल्या स्क्रूपाशी अवघा ०.१ ओहमचा अडथळा असला, तरी १५ अँपिअरला साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. म्हणजे सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, बंद प्लास्टिकमध्ये, रात्रभर. पेठेतल्या वाड्यांत स्वतःचं पार्किंग क्वचितच असतं. अशा ठिकाणी वरच्या मजल्यावरून एक्स्टेन्शन बोर्ड सोडून गाडी चार्जिंगला लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तसं करूच नये. चार्जिंगनंतर प्लगला हात लावून पाहावा. चटका बसला तर वापर तिथेच थांबवावा.

पण या आक्षेपातून ‘अडाणी दुरुस्ती नको’ एवढंच सिद्ध होतं. ‘दुरुस्तीच नको’ हे होत नाही. लिफ्ट आणि गॅसची शेगडीही धोक्याची, पण त्यांच्यासाठी आपण जाणकार माणसं तयार केली. वॉरंटीचं म्हणणंही मला मान्य आहे, मुदत असेपर्यंत. मुदत संपल्यावर सुटा प्लग, त्याचा रेझिस्टर आणि जोडणीचा नकाशा मिळू नये, याला काय कारण? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या चार क्षेत्रांत वाहनंही घेतली. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय पुण्यातच आहे, औंधला आयटीआय आहे. केबलदुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम आणि दुरुस्त केबलीची चाचणी सुरू करायला याहून सोयीचं गाव कुठलं?

इतकं मांडूनही एक गोष्ट कबूल करायला हवी. चाकाखाली येऊन मधोमध चिरडलेली, आवरण फाटलेली, आत पाणी गेलेली केबल असेल तर मीही टेप गुंडाळू देणार नाही. तिथे ‘नवी घ्या’ हेच उत्तर बरोबर, आणि ते मंडईतल्या वायरमननेही ठामपणे द्यावं. वरच्या सगळ्या युक्तिवादाला हे थोडं छेद देतं, हे मला दिसतं. कुठली केबल वाचवायची आणि कुठली टाकायची, ही रेघ प्रत्येक केबल हातात घेऊनच आखावी लागेल, आणि केबल हातात घ्यायलाच आज कुणी तयार नाही.