काटा तीनवर होता

आमच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, आयुष्यात दोनच धाडसं केली. एक म्हणजे पाटाच्या टेलला ऊस लावला, आणि दुसरं म्हणजे १९८३ साली जुना ट्रक घेतला. ट्रक १९६५ चा होता. टेल्कोनं १९५४ साली जमशेदपूरला जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या साथीनं ट्रक बनवायला घेतले आणि तो करार १९६९ पर्यंत चालला. त्या काळातल्या गाड्यांच्या तोंडावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असायची. आमच्या गाडीची चांदणी कुणीतरी आधीच काढून नेली होती, तरी गावात तिला 'बेंझ'च म्हणायचे. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. हंगामात ऊस ओढायचा, उन्हाळ्यात विटा.

गाडीवर मामा ड्रायव्हर होते. नात्यानं मामा नव्हेत, पण सगळं गाव मामा म्हणायचं. मला ते 'धाकलं मालक' म्हणायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

१९८६ च्या दिवाळीनंतर, कारखान्याचं बॉयलर पेटायला आठवडा राहिला असताना हेडचं गॅसकेट उडालं. वस्तादाकडं न्यायचं तर पैसे नव्हते. दहावीनंतर मी भिगवणच्या नाक्यावर त्याच वस्तादाच्या हाताखाली वर्षभर पाने उचलून दिले होते. तेवढ्यावर मला वाटायचं, इंजिन आपल्याला कळतं. मी आणि मामांनी झाडाखाली हेड काढलं. नवं गॅसकेट आणलं. ते परत गळू नये म्हणून मी दोन्ही अंगांनी शेलॅक लावलं, भाकरीला तूप चोपडावं तसं. मामा म्हणाले, "मालक, जरा बेतानं." मी म्हटलं, "असू द्या. गळण्यापेक्षा बरं."

गाडी सुरू झाली. थेंबभर पाणी गळलं नाही. मी मिशीवर हात फिरवला.

पंधरा दिवसांनी मामा म्हणाले, "वर टाक-टाक वाजतंय. वर तेल जात न्हाई."

मी केबिनमध्ये डोकावलो. इंजिन पळवलं. तेलाच्या प्रेशरचा काटा तीन किलोवर उभा. म्हटलं, "काटा बघा की मामा. तेल नसतं तर काटा उभा राहिला असता का?"

"काटा खालचा हाय, मालक."

मला ते बोलणं अडाणीपणाचं वाटलं. मी झाकण काढून, फिलर पट्टी घालून टॅपेट सेट केले. रॉकर कोरडे दिसत होते, पण इंजिन बंद होतं, तेल ओघळून गेलं असेल असं मी धरून चाललो. दोन दिवस आवाज गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. मामा पुन्हा तेच. मी पुन्हा काट्याकडं बोट दाखवलेलं. चौथ्या खेपेला मला राग आला. तेलाचा डबा लवकर संपतोय असं माझ्या डोक्यात बसलं होतं. उसाच्या फडात, तोडकऱ्यांच्या देखत मी म्हणालो, "तेल वर जात न्हाई का बाजारात जातंय, मामा?"

मामा काही बोलले नाहीत. किल्ली बोनेटवर ठेवली, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि बांधानं निघून गेले. त्यांचा त्या महिन्याचा पगारही आमच्याकडंच राहिला.

नवा पोरगा गाडीवर ठेवला. आठ दिवसांत कारखान्याच्या रांगेत उभी असतानाच गाडी भडभडली आणि बंद पडली. एक रॉकर शाफ्टला चिकटला होता, खालचा पुशरॉड वाकला होता. गाडीत भरलेला ऊस दोन दिवस उन्हात वाळला. वाळला की वजन घटतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. दुसऱ्याच्या गाडीत तो भरून दिला आणि बेंझ टोचन करून वस्तादाकडं आणली.

वस्तादांनी आधी दांडी काढून तेल बघितलं. पुरेसं होतं. मग आमचं गेज काढून स्वतःचं लावलं, कारण आधी काट्यावर विश्वास ठेवावा का ते ठरवायचं असतं. चिकटलेला रॉकर सोडवला, जुना पुशरॉड घातला आणि झाकण उघडं ठेवूनच इंजिन हळू चालवलं. काटा चांगला, पण बाराच्या बारा रॉकर कोरडे. प्रत्येक रॉकरच्या भोकातून तेल पाझरून पुशरॉडवरून खाली ओघळायला हवं होतं. वर धार लागत नसते, पाझर लागतो. पण तो तरी हवा.

इंजिन बंद करून त्यांनी मला समोर बसवलं. "चेंबरमधनं पंप तेल ओढतो. फिल्टरमधनं ते ब्लॉकच्या मोठ्या बोगद्यात येतं. तिथनं क्रँकच्या बेअरिंगला, कॅमला. आणि कॅमच्या बुशापासनं एक बारीक भोक वर चढतं, ब्लॉकमधनं, गॅसकेटमधनं, हेडमधनं रॉकरच्या स्टँडात. मग पोकळ शाफ्टात. तुझा काटा कुठं लावलाय?"

"बोगद्याला," मी म्हणालो.

"मग तो बोगद्याचंच सांगणार."

मग ते वरून खाली आले. शाफ्ट काढून तारेनं भोकं साफ केली. तो उलटा बसला नव्हता ना, तेही बघितलं, कारण शाफ्ट उलटा बसला की भोकं भलतीकडं जातात. स्टँड साफ केला. हेडच्या भोकात कुपीनं रॉकेल सोडलं. रॉकेल तसंच उभं. मला हँडल हळूहळू फिरवायला लावलं, कारण काही इंजिनांत कॅमचं भोक समोर आल्यावरच वाट उघडते. पुरी दोन फेरी झाली. रॉकेल हललं नाही. भोकात हवा मारली. खाली चेंबरमध्ये बुडबुडा नाही.

गॅरेजातला एक पोरगा म्हणाला, "वस्ताद, गेजच्या नळीतनं बाहेरनं एक पाईप वर देऊ. हेड काढायचं काम न्हाई."

वस्ताद म्हणाले, "वर भसाभसा तेल गेलं तर व्हॉल्व्हच्या गाईडमधनं उतरून धूर काढंल. आणि खालचं प्रेशर पडलं तर क्रँक उपाशी. ज्याची वाट बुजलीय त्याची वाट मोकळी करायची. दुसऱ्याचं तोडून द्यायचं न्हाई."

हे ऐकताना मला एकदम पाट आठवला. आमचं रान टेलला. वर गेटापाशी पट्टीवर पाणी मोजतात, वहीत लिहितात, की पाट पूर्ण भरून सोडला. खाली आमच्या दाऱ्यावर ओल नसते. आम्ही ओरडलो की ती वही पुढं करतात. जन्मभर त्या वहीचा मला संताप. आणि मी मामांपुढं काय केलं? काटा पुढं केला.

हेड उचललं. गॅसकेटच्या त्या बारीक भोकात काळा खडा बसला होता. वस्तादांनी तो सुईनं टोकरून माझ्या तळहातावर ठेवला. शेलॅकच होतं. पहिल्यांदा अर्धं भोक बुजलं असेल, मग त्यात काजळी अडकत अडकत पुरतं बंद झालं. म्हणून पंधरा दिवस गाडी गप होती.

"हेड कुणी बसवलं होतं?" वस्तादांनी विचारलं.

मी सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. फक्त म्हणाले, "आन् ड्रायव्हर कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी राहिलेला पगार खिशात घालून मी मामांच्या वस्तीवर गेलो. ते शेरडाला पाला बांधत होते. मी पैसे दिले, तो खडा दाखवला, चुकलो म्हणालो. मामी आतून चहा घेऊन आल्या. मामांनी पैसे मोजले नाहीत. खडा हातात घेऊन बराच वेळ उलटासुलटा केला. मी म्हटलं, "मामा, गाडीवर या."

"आता दुसऱ्याला शब्द दिलाय, मालक," ते म्हणाले. खरं होतं की नाही, मी विचारलं नाही. फडात जे बोललो होतो ते तोडकऱ्यांनी ऐकलं होतं. त्यांच्यापुढं जाऊन मी परत बोललो नव्हतो. ते मला नंतर सुचलं, आणि मग मी तेही केलं. पण मामा परत आले नाहीत.

फाल्गुनात बाजारच्या दिवशी आमची गाडी नाक्यावर उभी होती. मामा रस्ता ओलांडून आले. माझ्याकडं न बघता बोनेटवर हात ठेवून कान लावला, थोडा वेळ ऐकलं.

"आता वाजत न्हाई," म्हणाले, आणि बाजारात गेले.