उंदीर पडला की

माझ्या आजीचं कालमापन साथींवर चालायचं. थोरल्या जावेचं लग्न मानमोडीच्या आदल्या साली झालं, धाकटा दीर पटकीत गेला, घराची मागची भिंत प्लेगानंतर घातली. लहानपणी हे कानावरून जायचं. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा, हे मला नर्सिंग शिकताना कळलं.

पुढे सातारा जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून तीस वर्षं काढली. बाळंतपणं, लसीकरण, कुष्ठरोगाची पाहणी, विहिरीत टीसीएल पावडर टाकणं, २००९ साली स्वाइन फ्लू. साथरोगांची प्रशिक्षणंही पुष्कळ झाली. पण आजीचा प्लेग मला आठवला तो २०२० च्या मे महिन्याच्या अखेरीला, एका बंद दारापुढे उभी असताना.

आमच्या उपकेंद्राच्या गावातली निम्मी तरुण माणसं मुंबईत माथाडी कामाला. टाळेबंदीत दोन महिने दहा बाय दहाच्या खोलीत कोंडलेली ही माणसं मे महिन्यात पास काढून, टेम्पोतून गावाकडे आली. डाव्या हातावर शिक्का, शाळेत चौदा दिवस. त्यातल्याच एका घरात गावातला कोरोनाचा पहिला रुग्ण निघाला. वरून आलेल्या आदेशाप्रमाणे आम्ही दारावर कागद चिकटवला, गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे बांधले. मी स्वतः उभी राहून ते करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या घरच्या म्हशीचं दूध संकलन केंद्रावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. घरातली म्हातारी सकाळ-संध्याकाळ धार काढायची आणि किटली गोठ्यामागच्या खड्ड्यात रिकामी करायची. म्हैस तटवून तर ठेवता येत नाही. पांढरा ओघळ बांबूंच्या खालून रस्त्यावर यायचा आणि जाणारी-येणारी माणसं तो टाळून पलीकडून जायची. ते सगळ्या गावानं पाहिलं.

आठवड्याभरानं पलीकडच्या गल्लीत एका घरी आशाताई आणि मी चौकशीला गेलो. सून दारात आली. "कुणाला काय न्हाई, बाई." आतून खोकल्याचा आवाज येत होता. मी ऐकला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि रजिस्टरात त्या घरापुढे मी 'निरंक' लिहिलं. पाचव्या दिवशी तिच्या सासऱ्यांना जीपमध्ये घालून नेलं. ते परत आले नाहीत. त्या 'निरंक'चा दोष मी त्या सुनेला कधीच दिला नाही. ती दूध बघून आली होती.

त्यानंतर मी ज्या दारापुढे उभी राहीन ते दार बंदच व्हायचं. तशाच एका दारापुढे आजीचं बोलणं आठवलं. "उंदीर पडला म्हंजी त्या घराचं काय चुकलं न्हाई गं. उंदीर पडला की अख्खं गाव माळावर जायचं."

घरात उंदीर मरून पडलेला दिसला की घरधन्यानं चावडीवर सांगायचं, आणि सगळ्यांनी गाडगी-मडकी, गुरं घेऊन कडब्याच्या खोपटांत राहायला जायचं. मेलेल्या उंदरावरची पिसू माणसाला प्लेग देते हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत दाखवलं. माळावर जाणाऱ्यांना पिसू ठाऊक नव्हती. उंदीर पडतो आणि मग माणूस पडतं, एवढं त्यांनी पाहिलं होतं, आणि तेवढ्यावर ते वेळेत बाहेर पडत होते. उंदीर कुणाकडे पडला हे लपवावं लागत नव्हतं, कारण सांगणारं घर एकटं पडत नव्हतं.

जुन्या लोकांचं सगळंच शहाणपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. माळावरसुद्धा कुणाची खोपटं कुठं हे जातीनं ठरायचं. आणि साथीच्या देवीचा, मरीआईचा गाडा शिवेपलीकडे ढकलून दुसऱ्या गावाच्या गळ्यात घालायचा, हेही त्याच लोकांनी केलं. २०२० मध्ये गावोगावी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या, तेव्हा मला तो गाडाच आठवला.

मार्च २०२० मध्ये सरकारनं साथरोगाचा जो कायदा लागू केला तो १८९७ चा, प्लेगासाठी केलेला. त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोल्जर घराघरांत घुसून रोगी शोधत होते आणि लोक आपली आजारी माणसं लपवत होते. रँडला मारणारे चापेकर बंधू आम्ही शाळेत शिकलो. पण रोगी लपवले गेले आणि साथ आटोक्यात येणं अवघड झालं, हा धडा आरोग्यखात्यातल्या माणसालाही कुणी शिकवत नाही. आणि त्याच वर्षी, त्याच पुण्यात, मुंढव्याहून एका प्लेगच्या मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात गेल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आजारी माणूस घरातून बाहेर काढायचे हे दोन मार्ग. बांबू बांधताना आपण कोणत्या मार्गावर उभ्या होतो, या विचारानं मला कितीतरी रात्री झोप आली नाही.

हे सगळं मी आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगितलं. ते तरुण होते, ऐकून घेणारे होते. ग्रामदक्षता समितीची बैठक लावली. सरपंचांनी त्या घरचं दूध आपल्या घरी सुरू केलं, चार दिवसांत आणखी तीन घरांनी घेतलं. जून लागला होता, पेरणीची गडबड होती. ज्यांच्या मळ्यात खोपट किंवा वस्ती आहे त्यांनी सगळ्यांनीच तिकडे राहायला जावं, असं समितीनं सांगितलं. मुंबईहून आलेले, न आलेले, ताप असलेले, नसलेले, सगळे. पहिल्या आठवड्यात अठरा घरं गेली. म्हातारी माणसं तर लगेच निघाली, त्यांना समजावून सांगावंच लागलं नाही. आता कुणाच्या खोपटात आजार आहे हे फक्त आम्हाला माहीत असायचं. आशाताई बांधाबांधानं फिरायच्या. आधी पीठ-मीठ आहे का विचारायच्या, मग ताप. या कामाचे त्यांना केंद्र सरकारकडून महिन्याला १,००० रुपये मिळत होते, आणि सुरुवातीला मास्कही त्यांनी स्वतःच बचत गटात शिवलेले होते. या बायकांचं ऋण अजून कुणी फेडलेलं नाही.

सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली तेव्हा ऑक्सिमीटर मिळाले. तोवर दारं उघडलेली होती.

एप्रिल २०२१. दुसरी लाट पहिलीपेक्षा फार वाईट होती. रात्री साडेनऊला फोन वाजला. तीच सून. "बाई, ह्यांना ताप आलाय. आज सकाळपासनं. या."

मी गेले. नवरा ओट्यावर बसला होता. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९६. अंगणात सहा मिनिटं चालायला लावलं. ती कंदिलासारखा मोबाइल धरून त्याच्या बाजूनं चालत होती. चौथ्या मिनिटाला त्याचं पाऊल जड झालं. सहा मिनिटांनी ९१. मी १०८ ला फोन लावला. गाडी येईपर्यंत तिनं आतून पिशवी आणली. टॉवेल, आधार कार्ड, गोळ्या, पाण्याची बाटली. पिशवी आधीच भरून ठेवलेली होती.

गाडी गेल्यावर ओट्यावर बसून रजिस्टर उघडलं. लक्षणं सुरू झाल्याची तारीख, या रकान्यात त्या दिवसाचीच तारीख घातली.