दोरा आणि हात

सुटीच्या दिवशी खाडीकाठी गळ टाकून बसणारे आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. हलक्या स्पिनिंग रिळावर कोणता दोरा चढवावा, यावर आमचा वाद वर्षभर चालला.

एकाचा पक्ष नायलॉनच्या तंगुसाचा. तंगूस ताणला जातो. मासा उसळला की तो हिसका दोराच सोसतो. मात्र रिळावरचे वेढे तो विसरत नाही, वळ्या धरूनच पाण्याकडे जातो. फ्लोरोकार्बन पाण्यात कमी दिसतो. पण त्याची घनता पाण्याच्या सुमारे १.८ पट, आणि ताठरपणामुळे लहान रिळावरून तो उसळून सुटतो. दुसऱ्याचा पक्ष पॉलिएथिलीनच्या विणलेल्या दोऱ्याचा. तेवढ्याच ताकदीच्या तंगुसाहून तो पुष्कळ बारीक, मऊ, आणि जवळजवळ न ताणणारा. माशाने आमिषाला तोंड लावले की ते थेट बोटाला कळते.

वाद मिटला तो युक्तिवादाने नव्हे. तंगुसाचा पक्ष घेणाऱ्याच्या बोटांची संवेदना मधुमेहाने मंदावली; हलकी ओढ त्याला जाणवेनाशी झाली. ‘चांगला दोरा कोणता’ हा प्रश्न तेव्हा ‘कोणत्या हातासाठी’ असा झाला.

आता रिळावर १० पौंडांचा विणीचा दोरा आहे. तो घसरू नये म्हणून तळाशी काही वेढे तंगुसाचे, आणि खडकाचे घासणे सोसायला टोकाशी हातभर ६ पौंडांचा तंगूस. गळ अडकलाच, तर आधी तुटतो तो हा तंगूस. खाडीत फार दोरा मागे राहत नाही. आणि ओढ पुन्हा दोघांनाही कळते.