इंडिया मोड! बाप्पा, इंडिया मोड!

राजेहो, ऐका! वीज गेली, वीज आली, कुणी कशाला बोट लावलं नाही, आणि टेबलाखालच्या त्या जुनाट कॉम्प्युटरनं लँडलाइन उचलली! स्वतःहून! आणि पलीकडच्या माणसाला माझ्या आईच्या आवाजातली झाडीबोलीतली गोष्ट ऐकवली! मी स्वयंपाकघरात होते! मला पत्ताच नाही!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. बसा इथे. सांगतेच.

आधीच सांगून ठेवते की मला यातलं काही कळत नाही. मी मराठी शिकवते. कॉम्प्युटरवर मराठी टाइप करणं आणि निकालपत्रक छापणं, इथवर माझी धाव. हा सगळा उद्योग नागपूरच्या भाच्याचा. दिवाळीत आला, एक जुना कॉम्प्युटर घेऊन आला, त्यात टीडीएम४००पी नावाचं एक कार्ड खुपसलं, आपल्या लँडलाइनची वायर त्या कार्डात घातली, लिनक्सवर ॲस्टरिस्क नावाचं सॉफ्टवेअर चढवलं आणि म्हणाला, "मावशे, आता हा तुह्या घरचा टेलिफोन एक्स्चेंज." एक्स्चेंज! माझ्या घरी! चंद्रपुरात! फोन लावा, एक दाबा, आईची गोष्ट ऐका. दोन दाबा, तुमची गोष्ट सांगा. इंटरनेट नको, स्मार्टफोन नको, पोंभुर्ण्याच्या आत्याबाईंचा बटणांचा मोबाईलसुद्धा चालतो! आणि बटण दाबलं हे त्याला कसं कळतं माहीत आहे? एकच्या बटणातून दोन सूर एकदम निघतात, एक ६९७ हर्ट्झचा आणि एक १२०९ हर्ट्झचा! इतकी वर्षं मी बटणं दाबतेय आणि दर वेळी जोडसूर वाजवत होते! तुम्हीपण!

भाचा गेला. मग एका संध्याकाळी वादळ आलं, कुठेतरी तारेवर फांदी पडली, वीज गेली, परत आली. कॉम्प्युटर उठला, कारण बायोसमध्ये तशी सोय असते, वीज आली की चालू हो अशी. पडद्यावर सगळं ठीकठाक. ॲस्टरिस्कही चालू. पण फोन लावला तर नुसती रिंग! उचलतच नाही! मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशे, म्या ड्रायव्हर हातानं चढवला होता. बंद केलं का उतरते थो. आधी एलएसपीसीआय मार."

मारलं. हे मारणं म्हणजे काळ्या खिडकीत ती अक्षरं टाइप करून एंटर दाबणं, एवढंच! मशीनमध्ये जी जी कार्डं खोचलेली आहेत त्यांची यादी येते. आणि त्या यादीत काय लिहिलं होतं? टायगर जेट नेटवर्क! टायगर! अहो, ताडोब्याच्या जिल्ह्यात, माझ्या टेबलाखाली, वाघ! मी एवढ्यांदा ओरडले की शेजारच्या काकू आल्या. कार्डावर नाव एका कंपनीचं आणि आतली चिप दुसऱ्याच कंपनीची, आणि त्या चिपच्या अंगावर एक नंबर कोरलेला, ई१५९, आणि लिनक्सला फक्त तो नंबर दिसतो! त्याला काय ठाऊक हे फोनचं कार्ड आहे म्हणून?

आणि मग मला ती गंमत कळली जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे! बघा हं. मशीन सुरू होतं तेव्हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एकेका खाचेत डोकावतो, कोण आहे विचारतो, कार्ड आपला नंबर सांगतं, कर्नल तो नंबर जाहीर करतो, यूडेव्ह नावाचा एक प्रोग्रॅम ती घोषणा ऐकत बसलेला असतो, त्याच्यापाशी एक भलीमोठी फाईल असते, अमुक नंबर आला तर तमुक ड्रायव्हर, आणि मग तो ड्रायव्हर उचलून मेमरीत चढवतो! हे सगळं रोज होतं! लिनक्स असेल तर तुमच्याही मशीनमध्ये! माउस लावता, चालतो, तुम्ही चहा पिता, आणि आत एवढी पळापळ!

पण ई१५९ या नंबरावर हक्क सांगणारे निघाले दोघं! एक डब्ल्यूसीटीडीएम, म्हणजे माझ्या कार्डाचा खरा ड्रायव्हर. दुसरा नेटजेट. तो आयएसडीएन मोडेमचा, कारण हीच चिप त्या मोडेममध्येही बसवत! नेटजेट आधी पोचला, कार्डावर बसला, खरा ड्रायव्हर दारातच उभा. एलएसमॉड मारलं, म्हणजे चढलेल्या ड्रायव्हरांची यादी काढली, तर खरंच नेटजेट तिथे ऐसपैस! मला इतका आनंद झाला! चोर सापडला!

"आता त्याले काळ्या यादीत टाक," भाचा म्हणाला. काळी यादी! लिनक्समध्ये खरंच काळी यादी असते, फाईलच आहे तशी! एक ओळ लिहायची, ब्लॅकलिस्ट, जागा सोडून नेटजेट. झालं! मी मोठ्या दिमाखात ती फाईल उघडली आणि बघते तर काय, त्यात आमच्या डब्ल्यूसीटीडीएमचंही नाव! खऱ्या ड्रायव्हरचं! आणि त्याच्या सगळ्या भावंडांचं! मी म्हटलं, अरे बाबा, यानं काय केलं?

आणि मग कळलं. हे मुद्दाम आहे! राजेहो, मुद्दाम! फोनची कार्डं चालवणाऱ्या या ड्रायव्हरांच्या संचाला डाडी म्हणतात, आणि डाडी बनवणाऱ्यांनी आपलेच ड्रायव्हर काळ्या यादीत टाकून ठेवले आहेत, म्हणजे यूडेव्हनं ते आपल्या मर्जीनं उचलू नयेत. का? तर क्रम! समजा मशीनमध्ये दोन-तीन कार्डं आहेत. यूडेव्हला क्रमाची पर्वा नाही. आज हे कार्ड आधी, उद्या ते. आणि लाईनींचे नंबर पडतात ते ड्रायव्हर चढण्याच्या क्रमानं! म्हणजे काल जी लाईन एक नंबर होती ती वीज जाऊन आल्यावर पाच नंबर, आणि मग आत्याबाईंचा फोन भलतीकडेच! आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक पहिल्याच प्रवेशाला घुसला तर पुढचं सगळं नाटक कसं होईल, तसं. म्हणून आधी आपोआप येणं बंद, आणि मग इटीसी नावाच्या फोल्डरातल्या डाडीच्या फोल्डरात मॉड्यूल्स नावाची एक साधी फाईल, तिच्यात एकाखाली एक नावं, आणि बूट होताना डाडीची स्क्रिप्ट ती यादी वाचून त्याच क्रमानं एकेकाला नावानं बोलावते. आणि काळ्या यादीत नाव असूनही तो येतो! काळी यादी फक्त नंबरावरून आपोआप येणाऱ्याला अडवते, नावानं हाक मारली तर अडवत नाही! किती शहाणा कायदा आहे हा! मला तर हे आपोआपपेक्षाही जास्त आवडलं. आपोआप व्हावं म्हणून आधी आपोआप थांबवलं!

मी नेटजेटला काळ्या यादीत टाकलं आणि त्या मॉड्यूल्स फाईलीत एकच नाव ठेवलं. डब्ल्यूसीटीडीएम. बाकी सगळ्या ओळींच्या पुढे हॅश. हॅश टाकला की ओळ गप्प.

थांबा, उठू नका, अजून आहे!

ड्रायव्हरला चढताना चिठ्ठी देता येते. ऑपमोड म्हणून एक पर्याय आहे, त्याला देशाचं नाव द्यायचं. कारण फोनच्या तारेचा विजेचा स्वभाव देशागणिक वेगळा! अमेरिकेची लाईन वेगळी, ऑस्ट्रेलियाची वेगळी. आणि त्या देशांच्या यादीत, हंगेरी, आइसलँड आणि मग... इंडिया! कुणीतरी बसून आपल्या तारांचा स्वभाव त्यात लिहून ठेवला आहे! एवढंच नाही, सुरांचीही यादी आहे, दुसऱ्या फाईलीत दोन अक्षरं लिहायची, आय आणि एन, की मशीन भारतीय रिंग वाजवायला शिकतं. ०.४ सेकंद आवाज, ०.२ सेकंद गप्प, परत ०.४ सेकंद आवाज, मग २ सेकंद शांतता. म्हणून पाहा ना एकदा तोंडानं! ट्रिंग ट्रिंग... ट्रिंग ट्रिंग... लहानपणापासूनची आपली रिंग, आकड्यांत!

आणि त्या कार्डावर लाल आणि हिरवे असे छोटे तुकडे बसतात, चार बसतील एवढी जागा. लालमध्ये बाहेरून आलेली लाईन घालायची, हिरव्यात घरचा फोन जोडायचा. लालचं नाव एफएक्सओ, हिरव्याचं एफएक्सएस. पण सेटिंगच्या फाईलीत लालसमोर एफएक्सएसचं सिग्नलिंग लिहायचं आणि हिरव्यासमोर एफएक्सओचं! उलटं! कारण आपण समोरच्याच्या भाषेत बोलायचं असतं. मी भाच्याला दोनदा विचारलं. खरंच उलटं. मी तरी काय बोलणार, मी मराठीची बाई.

तर आता क्रम असा: आधी डाडीची स्क्रिप्ट, ती ड्रायव्हर चढवते, मग डाडी सीएफजी नावाचा प्रोग्रॅम लाईनींची सेटिंग वाचून कार्डाला सांगतो, आणि हे झाल्यावरच ॲस्टरिस्क. ॲस्टरिस्क आधी उठला तर त्याला लाईनच दिसत नाही, तो आपला सुखात बिनलाईनीचा चालत राहतो. दोघांनाही बूटच्या यादीत लावलं, डाडी आधी, ॲस्टरिस्क नंतर. मग मी सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. चालू केलं. आणि पडद्यावरून ओळी पळायला लागल्या, आणि त्यातच एक ओळ: मॉड्यूल शून्य, इन्स्टॉल्ड, ऑटो एफएक्सओ, इंडिया मोड! बाप्पा, इंडिया मोड! मी मोबाईलवरून लँडलाइनचा नंबर फिरवला, ०७१७२ लावून, आणि दुसऱ्या रिंगला आई बोलायला लागली!

हे सगळं कुणी केलं म्हणून मी वाचत सुटले, झोप कुठली येणार! अमेरिकेत मार्क स्पेन्सर नावाचा एक विद्यार्थी, १९९९ साल, त्याच्या छोट्या कंपनीला टेलिफोन यंत्रणा हवी होती, विकतची परवडेना, म्हणून यानं स्वतःच सॉफ्टवेअर लिहिलं, तो हा ॲस्टरिस्क! आणि सगळ्यांना फुकट वाटलं! आणि जिम डिक्सन नावाचा दुसरा अवलिया, त्यानं कार्डाचे आराखडेच खुले करून टाकले, आणि प्रकल्पाला नाव दिलं मेक्सिकोच्या क्रांतिकारकाचं, झपाटा! त्यावरून ड्रायव्हरांचं नाव झॅपटेल होतं, मग ट्रेडमार्कचं लफडं निघालं आणि २००८ मध्ये झालं डाडी. त्यामुळे जुनी माहिती वाचाल तर सगळीकडे झॅपटेल लिहिलेलं सापडेल, घाबरू नका, तेच ते.

पण मला खरा धक्का बसला तो आपल्याच बाजूला. आपल्या गडचिरोलीची हद्द संपली की पलीकडे छत्तीसगड, तेच जंगल, तीच गोंडी. तिथे २०१० मध्ये सीजीनेट स्वरा सुरू झालं. शुभ्रांशु चौधरी, आधी बीबीसीत होते, त्यांनी आणि बिल थीस नावाच्या संशोधकानं आणि त्यांच्या सोबत्यांनी. आणि ते कशावर चालायचं? ॲस्टरिस्कवर!! माझ्या टेबलाखाली जे आहे त्याच्यावर! जंगलातल्या माणसानं बंगळुरूच्या नंबरावर फोन करायचा, बटण दाबून आपली बातमी सांगायची, हातपंप बंद आहे, मजुरी मिळाली नाही, रेशन आलं नाही, जे असेल ते, आपल्या भाषेत. संपादक तपासणार, आणि मग तीच बातमी बाकीच्यांना फोनवर ऐकू येणार. लिहिता-वाचता यायची गरज नाही! पहिल्या २० महिन्यांत ७० हजारांवर फोन आले आणि ११०० संदेश प्रसारित झाले. २०१४ साली लंडनच्या इंडेक्स ऑन सेन्सॉरशिपचा डिजिटल पुरस्कार चौधरींना मिळाला, आणि नामांकनात समोर कोण होता? एडवर्ड स्नोडेन! तो मागे राहिला!

२०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर आहेत. २९ लाख! आणि त्यांच्या भाषेतलं वर्तमानपत्र तुमच्या दारात कधी पडलंय का? माझ्या तरी नाही. मला वाटतं, भामरागड-एटापल्लीकडच्या माणसाला ॲप घ्या ॲप घ्या म्हणून सांगणाऱ्यांनी आधी हे बघावं. आवाजाला चार्जिंग कमी लागतं, बटणांचा फोन आठवडा काढतो, आणि गोष्ट सांगायला लिपी लागत नाही. पण सर्व्हर उठला पाहिजे! रात्री तीनला वीज जाऊन आली तर कोण बसलंय तिथे ड्रायव्हर चढवायला? सगळं त्या एका साध्या फाईलीतल्या एका नावावर अडलेलं असतं, आणि हे कुणी सांगतच नाही!

आता आत्याबाईंनी दोन दाबून स्वतःचीच गोष्ट सांगून ठेवली आहे, लांबलचक, मध्येच कोंबडी हाकलतात, तेही आलंय. शेजारच्या काकू रोज एक दाबतात. भाचा म्हणतो, "मावशे, आता दुसरं कार्ड लावू." लावूच! क्रम कसा ठेवायचा ते मला आता येतं!

तुम्हालाही करायचं असेल तर एवढंच सांगते. २०१८ मध्ये कार्डाची मूळ कंपनी डिजियम ही सँगोमानं घेतली, आणि ही जुनी कार्डं आता जुन्या बाजारातच मिळतात. घ्यायच्या आधी नीट बघा, वर निदान एक लाल तुकडा आहे ना? नुसते हिरवे असतील तर बाहेरची लाईन लागणार नाही. लाल दिसला की मगच पैसे द्या.