सहाबारीचे रसिक

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते पाहून बाहेर पडणाऱ्या मनुष्यास संग्राहकाच्या सुपारीच्या व्यसनाविषयी शंका येत नाही; आणि तेथील नाना घाटांचे दिवे पाहून केळकरांना अंधाराचे भय वाटत असावे, असेही अनुमान कोणी काढीत नाही. वस्तू संग्रहात आली की ती आपल्या कामातून निवृत्त झाली, तिच्याकडे आता केवळ घडणीच्या दृष्टीने पाहावयाचे, असा एक अलिखित संकेत रसिकांनी मान्य केलेला आहे. मात्र एखाद्या गृहस्थाने रिव्हॉल्व्हरे जमविली आहेत असे कळले, की हा संकेत तत्काळ मोडतो. ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते, आणि ‘असल्या वस्तूत पाहण्यासारखे ते काय असणार?’ हा प्रश्न उघडपणे नाही तरी मनातल्या मनात विचारला जातोच.

हा प्रश्न आम्हांस अयोग्य वाटत नाही. अडकित्ता सुपारी कातरण्यासाठी केलेला असतो आणि रिव्हॉल्व्हर माणसावर रोखण्यासाठी. हा भेद कितीही झिलई दिली तरी झाकला जाणार नाही. परंतु प्रश्न योग्य असला म्हणून त्याचे उत्तर ‘काहीच नाही’ असेच असले पाहिजे असे नव्हे. ज्या समाजात दसऱ्याच्या सुमारास शस्त्रे पाटावर मांडून त्यांस गंधफूल वाहण्याची चाल आहे, आणि ज्या घरी तलवार नसेल तेथे विळी-कात्रीवरही झेंडू चढतो, त्या समाजातील मनुष्यास तरी शस्त्राविषयीचा आदर आणि धास्ती एकाच मनात नांदू शकतात हे समजावून सांगण्याचे कारण पडू नये. म्हणून अमेरिकेतील जुन्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरांविषयी आणि त्यांच्या रसिकांविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

‘मॅग्नम’ हा शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ ‘मोठे’ असा आहे. नेहमीच्या दुप्पट मापाच्या मद्याच्या बाटलीस हे नाव पूर्वीपासून होते. ते इंग्लंडातील बंदूकवाल्यांनी उचलले. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीचे १९१२ सालचे .३७५ मॅग्नम काडतूस हिंदुस्थानातील शिकाऱ्यांच्याही चांगले परिचयाचे होते. बाटलीतील दारूचे विशेषण नळीतील दारूस कसे लागले, हे मराठी वाचकास वेगळे सांगावयास नको, कारण आमच्या भाषेने दोहोंस एकच शब्द योजून ठेवला आहे. योगायोग असा, की रिव्हॉल्व्हरच्या प्रांतात हा शब्द आला तोही पहिल्या दारूच्या निमित्तानेच. अमेरिकेत १९२० ते १९३३ पर्यंत दारूबंदी होती. चोरट्या दारूवर पोसलेल्या टोळ्या मोटारींतून पळू लागल्या, आणि पोलिसांच्या .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरची गोळी मोटारीच्या पत्र्यापुढे दुबळी ठरू लागली. तेव्हा मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड गावच्या स्मिथ अँड वेसन या कंपनीचे डग्लस वेसन यांनी फिलिप शार्प, एल्मर कीथ इत्यादी हौशी जाणकारांच्या प्रयोगांचा लाभ घेऊन, विंचेस्टर कंपनीच्या साहाय्याने, १९३५ साली .३५७ मॅग्नम बाजारात आणले. जुन्या .३८ स्पेशलची गोळी सेकंदाला नऊशे फुटांच्या आतबाहेर जात असे. ही लांब नळीतून सुमारे पंधराशे फुटांच्या वेगाने निघू लागली.

या नव्या काडतुसातील एक गोष्ट आम्हांस फार विचार करण्यासारखी वाटते. नावे निराळी असली तरी दोहोंची जाडी एकच; फरक आहे तो लांबीत, आणि तोही इंचाच्या सुमारे एक अष्टमांशाचा. आत अधिक दारू मावावी एवढ्यासाठीच काही ही लांबी वाढविली नव्हती. नवे काडतूस चुकूनही जुन्या, हलक्या रिव्हॉल्व्हरच्या घरात पुरते बसू नये, आणि त्याच्या दाबाने ते शस्त्र धरणाऱ्याच्या हातातच फुटू नये, म्हणून ही योजना होती. उलट जुने काडतूस नव्या रिव्हॉल्व्हरात खुशाल चालते. समर्थास दुबळ्याचे काम करता यावे, पण दुबळ्याच्या अंगावर समर्थाचे ओझे पडू नये, असा हा न्याय आहे. अस्त्र देताना पात्र पाहावे हा आमच्या पुराणांतील गुरूंचा दंडक स्प्रिंगफील्डच्या कारागिरांनी इंचाच्या आठव्या हिश्श्यात बसविला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आरंभीची ही रिव्हॉल्व्हरे ‘रजिस्टर्ड मॅग्नम’ या नावाने ओळखली जातात. मंदीच्या त्या दिवसांत त्यांची किंमत साठ डॉलर होती. गिऱ्हाइकाने मागावी त्या लांबीची नळी, साडेतीन इंचांपासून पावणेनऊ इंचांपर्यंत पाव पाव इंचाच्या फरकाने, करून मिळे. प्रत्येकास स्वतंत्र नोंदणी क्रमांक असून तो चौकटीच्या आतल्या खाचेत कोरलेला असे. आणि गिऱ्हाइकाने पत्र पाठविले म्हणजे त्याच्या नावाचा दाखला कारखान्यातून येई. पहिले रिव्हॉल्व्हर अमेरिकेच्या गुप्त पोलिसांचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांस देण्यात आले. पुढे दुसऱ्या महायुद्धात गाजलेले सेनापती जॉर्ज पॅटन यांच्या कमरेस जे हस्तिदंती मुठीचे .३५७ मॅग्नम दिसे, तेही याच जातीचे. मागणी वाढल्यावर एकेकाची नोंद ठेवणे परवडेना, आणि पाच हजारांहून अधिक रिव्हॉल्व्हरे निघाल्यावर १९३९ च्या सुमारास ही पद्धत बंद पडली.

हे सर्व ग्रंथांतून वाचण्याने कळते. परंतु त्यातील रस कळण्यास वस्तू हातात यावी लागते. आमचा एक जुना विद्यार्थी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. त्याच्याकडे गेलो असता त्याच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस आपला संग्रह दाखविला. जन्मभर कारखान्यात फिटरचे काम केलेला हा मनुष्य. शस्त्र कुलुपात ठेवण्याची त्या राज्यात कायद्याने सक्ती आहे; परंतु त्यांच्या तिजोरीची ठेवण पाहून कायदा नसता तरी कुलूप असते अशी आमची खात्री झाली. त्यांनी मॉडेल २७ बाहेर काढले. रजिस्टर्ड मॅग्नमच्याच वंशातील रिव्हॉल्व्हरास १९५७ पासून हे नाव मिळाले आहे. आमच्या हाती देण्यापूर्वी त्यांनी अंगठ्याने कळ पुढे सारली, सहा घरांचे चक्र डावीकडे बाहेर काढले, आणि सहाही घरे रिकामी असल्याचे प्रथम स्वतः पाहून मग आम्हांस दाखविले. एका तासात सात-आठ शस्त्रे त्यांनी दाखविली, आणि प्रत्येक वेळी हा विधी तितक्याच सावकाशीने केला. आमचे आजोबा संध्येपूर्वी आचमन करीत त्यातही याहून अधिक नेम नव्हता.

त्या पोलादाची निळाई वर्णन करणे कठीण आहे. ती वरून दिलेल्या रंगासारखी नसते; घासून आरशासारख्या केलेल्या पोलादावर रसायनाने त्याचाच एक सूक्ष्म थर चढवितात, म्हणून खालचे घासकाम जितके निर्मळ तितकी वरची निळाई खोल. आषाढातील पाऊस उघडल्यावर क्षितिजाकडे जो काळसर निळा रंग क्षणभर दिसतो, तो त्यास जवळचा आहे. नळीच्या माथ्यावर, नेम धरताना उन्हाची चमक डोळ्यांत जाऊ नये म्हणून, सोनाराने करावी तशी बारीक जाळीची नक्षी काढलेली होती. घोडा अंगठ्याने मागे ओढला की चक्र एक घर पुढे सरकून ‘टक्’ असा आवाज करी आणि जागच्या जागी निश्चल होई. गृहस्थ म्हणाले, “हा आवाज बसविणारा मनुष्य हातात कानस घेऊन बसत असे. आता कानस नाही आणि तो मनुष्यही नाही.”

रसिक कोणत्या खुणा पाहतात तेही त्यांनी समजावून दिले. नळी चौकटीत आटे पाडून बसवीतच, पण शिवाय ती फिरू नये म्हणून आडवी एक बारीक पिन ठोकीत. आणि चक्राच्या घरांची तोंडे खोलगट करून काडतुसाची कड आत बुडेल अशी व्यवस्था करीत. १९८२ च्या सुमारास या दोन्ही गोष्टी सोडून देण्यात आल्या. जोराने आवळलेली नळी पिनेवाचूनही हलत नाही आणि आजच्या काडतुसांस ती खोलगट घरे लागत नाहीत, असे कारखानदारांचे म्हणणे. आणि ते खोटे नाही. पण संग्राहकाचे प्रेम नेमके त्या अनावश्यक पिनेवरच जडते. हिशेबाने जे काम करावयास नको होते ते कोणी तरी मन लावून केले, एवढेच त्यास पुरते. पैठणीच्या पदरातील मोर नसता तरी लुगडे नेसता आलेच असते!

हीच गोष्ट कोल्ट कंपनीच्या पायथनची. कोल्टचा कारखाना कनेक्टिकट नदीच्याच काठी, स्प्रिंगफील्डहून सुमारे पंचवीस मैलांवर हार्टफर्ड येथे होता. तेथून १९५५ साली सव्वाशे डॉलरांस हे .३५७ रिव्हॉल्व्हर निघाले. अंतर्भाग हातांनी जुळवून बसविण्याचा खर्च वाढत जाऊन २००५ साली त्याचे उत्पादन थांबले; २०२० साली ते नव्या रचनेने, गंज न चढणाऱ्या पोलादात पुन्हा निघाले. नवे अधिक मजबूत आहे असे वापरणारे सांगतात, आणि जुन्याची किंमत उतरत नाही. .४४ मॅग्नमचा इतिहास निराळा. एल्मर कीथच्या अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १९५५ च्या अखेरीस ते तयार झाले. परंतु ज्याच्या त्याच्या तोंडी त्याचे नाव आले ते १९७१ साली क्लिंट ईस्टवुडच्या ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटाने. तेव्हा ज्यांनी ते घेतले त्यांतील पुष्कळांनी पाच-दहा बार काढून, हाताला बसणारा धक्का सोसवेना म्हणून, ते पेटीत ठेवून दिले, असे त्या गृहस्थांनी हसत हसत सांगितले. आज संग्राहकांस कोरी रिव्हॉल्व्हरे मिळतात ती अशा हौशी लोकांच्या कृपेनेच.

येथे एक चमत्कारिक विरोध दृष्टीस पडतो. ज्या रिव्हॉल्व्हरातून बार निघालेला नाही, ज्याच्या चक्रावर फिरण्याने उमटणारी बारीक रेषाही नाही, त्याची किंमत सर्वांत अधिक. तलवारीची थोरवी तिने गाजविलेल्या रणांवरून सांगतात. येथे शस्त्राची थोरवी त्याच्या हातून काहीच घडले नाही यात आहे. आम्हांस हा विरोध लाजिरवाणा वाटत नाही. घडण कारागिराची आणि कर्म वापरणाऱ्याचे. रसिकास पहिले हवे असते, दुसरे नको असते.

परंतु ‘नको’ म्हटल्याने दुसरे नाहीसे होते काय? आमच्या विद्यार्थ्याच्या पत्नीस शेजाऱ्यांविषयी फार आदर आहे. तरी मुलांना घेऊन त्या घरात जावयाचे तिच्या जिवावर येते. “सर, सुंदर असेल हो, पण ते सुंदर आहे म्हणून मला जास्त भीती वाटते,” असे ती आम्हांस म्हणाली. तिच्या बोलण्यास आधार आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. म्हणजे ज्या शस्त्राने चोरास भिववावयाचे ते बहुधा घरच्याच मनुष्याचा घात करते. सौप्तिकपर्वात अर्जुनास आपले अस्त्र परत घेता आले, अश्वत्थाम्यास आले नाही. दोघांची अस्त्रे तुल्यबळ. भेद होता तो आवरण्याच्या शक्तीत. ही शक्ती कोणताही कारखाना पेटीत घालून विकत नाही.

ती त्या वृद्ध गृहस्थांपाशी किती होती हे एका हकिगतीवरून आमच्या ध्यानात आले. संग्रहात रजिस्टर्ड मॅग्नम नाही का, असे आम्ही सहज विचारले. क्षणभर थांबून त्यांनी सांगितले, की तीस वर्षे ते त्याच्या शोधात होते, आणि एकदा ते आपण होऊन त्यांच्या दारी आले. गावातील एक विधवा बाई ते घेऊन आली होती. सोबत कारखान्याचा मूळ दाखला होता, आणि त्यावर तिच्या सासऱ्याचे नाव होते. निळाई जागच्या जागी, जाळी धारदार. तिच्या पतीने त्याच रिव्हॉल्व्हरने आपला शेवट करून घेतला होता, आणि ते घरात नको म्हणून मिळेल त्या पैशांस द्यावयास ती तयार होती. गृहस्थांनी तिला ते काही हजार डॉलरांचे आहे असे सांगितले, कोठे गेल्यास फसवणूक होणार नाही तेही कागदावर लिहून दिले, आणि स्वतः ते घेतले नाही.

“घेतले असते तर ते सर्वांत चांगल्या जागी ठेवावे लागले असते,” ते म्हणाले, “आणि मग प्रत्येक पाहुण्यास त्याची निळाई दाखवावी लागली असती.”

पुढे ते कोणाकडे गेले याची त्यांनी चौकशी केली नाही. ज्याने ते घेतले त्याने रीतीप्रमाणे कंपनीच्या जुन्या वह्यांतून त्याची माहिती मागविली असेल. तसे पत्र मिळते; शस्त्र कारखान्यातून कोणत्या दिवशी निघाले आणि कोणत्या दुकानी पोहोचले एवढे त्यात लिहिलेले असते.