आधी घड्याळ, मग टाळ्या

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या स्पर्धेला मदतीला येणाऱ्यांना काम कोणते द्यायचे, याचे ठरलेले उत्तर म्हणजे टोप्या वाटा, टाळ्या वाजवा, शेवटच्या रेषेवर मुलांना मिठी मारा. या मुलांच्या शारीरिक शिक्षणाचे काम करताना मला हे उत्तर पटेनासे झाले आहे. स्वयंसेवक लागतो तो स्पर्धेच्या आधीच्या महिन्यांत, आणि त्याचे मुख्य काम मोजमापाचे असते. स्पेशल ऑलिम्पिक्सची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९६८ साली शिकागोत झाली. तिथून वाढत गेलेल्या या चळवळीचा सगळा डोलारा गटवारीवर उभा आहे. वय, लिंग आणि क्षमता पाहून तीन ते आठ खेळाडूंचा गट करतात. गटातल्या सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद खेळाडूंत साधारण १५ टक्क्यांहून जास्त फरक नसावा, असा संकेत आहे. म्हणजे शंभर मीटरला पहिल्याला २० सेकंद लागत असतील, तर शेवटचा २३ सेकंदांच्या आसपास हवा. आता सरावात कोणी वेळ नोंदवलीच नसेल, तर हा गट पाडायचा कशाच्या आधारावर?

‘सगळ्यांनाच पदके वाटता, मग ही कसली स्पर्धा?’ हा आक्षेप नेहमीचा. २०२३ साली बर्लिनमध्ये स्पेशल ऑलिम्पिक्सच्या जागतिक स्पर्धेत भारताने २०२ पदके मिळवली, तेव्हाही तो ऐकू आला. प्रत्येक गटाला स्वतंत्र पदके असतात, म्हणून आकडा मोठा दिसतो. पण गटात पहिले तिघेच पदक घेतात, बाकीच्यांना फीत मिळते. कुस्तीत वजनगट असतात म्हणून कोणी कुस्तीला लुटुपुटूची म्हणत नाही. खरी फसवणूक नोंद खोटी असते तेव्हा होते. २००० साली सिडनी पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या स्पेनच्या बास्केटबॉल संघातले बहुतेक खेळाडू बौद्धिकदृष्ट्या अक्षम नव्हतेच. त्याची शिक्षा जगभरच्या खऱ्या खेळाडूंनी भोगली : बौद्धिक अक्षमतेचा प्रवर्गच पॅरालिम्पिकमधून वगळला गेला आणि २०१२ मध्ये लंडनला, तोही मोजक्याच खेळांत, परत आला.

पुणे जिल्ह्यातल्या मावळात सरावाचे आणि नोंदीचे हे काम आणखी अवघड होते. तळेगाव, कामशेत, लोणावळा ही गावे लोकलवर आहेत. अंदर मावळातल्या किंवा पवन मावळातल्या मुलाला मात्र सरावासाठी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नेणे एसटीच्या भरवशावर जमत नाही. त्यात पावसाळ्यात मैदान चार महिने चिखलात. म्हणून सराव गावातच हवा : जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात तोल सांभाळण्याचे व्यायाम, देवळाच्या सभामंडपात बोचीचा, म्हणजे निशाण्याजवळ टाकायच्या खेळाचा, चेंडू टाकणे. त्यासाठी माणूसही गावातलाच हवा, दर आठवड्याला तोच. सूचना एका वेळी एकच द्यायची, ती करून दाखवायची आणि मग थांबायचे. हे थांबणेच नव्या माणसाला जमत नाही; तो तीच सूचना दुसऱ्या शब्दांत देतो आणि मूल पुन्हा पहिल्यापासून विचार करू लागते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, त्यामुळे डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कोलांटउडी किंवा उंच उडी नाही. फिट येणाऱ्या मुलाला पाण्यात एकटे सोडायचे नाही. एका दिवसासाठी आलेल्या पाहुण्याला हे कळणार कसे?

पदकांच्या आक्षेपापेक्षा वजनदार हरकत पालकांची असते : ‘आमच्या पोराला हाताला काम शिकवा, पळून काय मिळणार?’ ती मी झटकून टाकणार नाही. परंतु रांगेत थांबणे, शिट्टी ऐकून सुरुवात करणे, जोडीदाराची पाळी येऊ देणे हे कामाच्या जागीही लागतेच. ‘वेगळ्या स्पर्धा म्हणजे वेगळे टाकणे’ असेही काही जण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. त्यासाठीच युनिफाइड, म्हणजे एकत्रित, खेळ निघाले : पाच जणांच्या फुटबॉलमध्ये मैदानावर तीन विशेष खेळाडू आणि दोन इतर. हे दोघेच सामना जिंकून देऊ लागले, तर खेळ फसला.

गावातल्या कबड्डी संघांकडे आणि निवृत्त क्रीडाशिक्षकांकडे माझे मागणे एवढेच : जवळच्या विशेष शाळेत जा, आठवड्यातला एक ठरावीक तास द्या, सोबत घड्याळ आणि वही न्या. येत्या पावसाळ्यात तो तास बुडवू नका.