वसमतची गाडी आणि आपल्या घरातला कुकर

आम्ही कुरुंद्याची माणसं रेल्वेसाठी वसमत गाठतो. निजामाच्या राजवटीत, 1912 साली, पूर्णा ते हिंगोली हा मीटरगेज मार्ग सुरू झाला. आता रूळ रुंद झाले, वाफेची इंजिनं गेली. आमच्या बुजुर्गांना मात्र तो धूर आणि ती शिट्टी आजही आठवते. ती इंजिनं फुटत का नसत, हे मुलांना सांगायला हवं.

पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1,600 पट जागा मागते. ती जागा मिळाली नाही, तर बॉयलर फुटतो. म्हणून झडप बसवतात. दाब वाढला की ती आपोआप उघडते. 1803 साली लंडनजवळ ग्रीनिच इथं रिचर्ड ट्रेव्हिथिक यांचं इंजिन फुटून माणसं दगावली. झडप अडवून ठेवली गेली होती. त्यानंतर ट्रेव्हिथिक यांनी दोन झडपा आणि शिशाची गुडदी हा उपाय काढला. पाणी कमी पडून भट्टीचं छत तापलं की शिसं वितळतं, वाफ भट्टीत शिरते आणि चालकाला इशारा मिळतो. पुढे जॉन रॅम्सबॉटम यांनी अशी जोडझडप बनवली, की एक दाबून धरली तर दुसरी उघडते.

डब्यांचा व्हॅक्यूम ब्रेकही असाच. नळीत हवा नसेल तोवर चाकं मोकळी. डबे तुटले, नळी निसटली की हवा आत शिरते आणि ब्रेक स्वतःच लागतो.

गंमत म्हणजे ही झडप मुळात स्वयंपाकाच्या भांड्यावरची! डेनिस पापाँ यांनी 1679 मध्ये हाडं शिजवण्याचं बंद भांडं दाखवलं. त्याच भांड्यासाठी त्यांनी झडप काढली. म्हणजे आजच्या कुकरचा तो पूर्वजच. कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्हही त्या शिशाच्या गुडदीचा वारस आहे: जास्त तापला की आतला धातू वितळतो.

म्हणून भगिनींनो, तो व्हॉल्व्ह उडाला की नशिबाला बोल लावू नका. त्यानं आपलं काम केलं. त्या जागी खिळा, स्क्रू किंवा एम-सील कधीही लावू नका, त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह बसवा. शिट्टीची नळी रोज उजेडाकडे धरून पाहा. डाळीचा एक दाणाही ती बंद करतो. डाळ-तांदूळ अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. तवक्कुल आहेच, पण उंट बांधून.